भांडं भरेपर्यंत

एक मडकं. रुंद पोटाचं, आखूड गळ्याचं, माणसाचं वजन पेलेल एवढं मोठं. सिंधू नदीवरचे मोहाणे, म्हणजे तिथले कोळी, ते पाण्यात लोटत आणि त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथे पडत. पोटानं तोंड बंद झालं की आतली हवा त्यांना तरंगत ठेवी. पायांनी दिशा धरायची. हातात लांब काठी, काठीला पिशवीसारखं जाळं, ते प्रवाहात खोल सोडलेलं. पल्लो मासा समुद्रातून नदीत वर चढणारा, माणूस प्रवाहासोबत खाली वाहणारा. मासा जाळ्यात धडकला की दोरी ओढून जाळ्याचं तोंड मिटायचं, मासा वर घ्यायचा, क्षणभर पोट उचलून तो मडक्यात टाकायचा आणि पुन्हा पोट टेकायचं. होडी तीच, टोपली तीच. जितके मासे आत जातील तितकं मडकं पाण्यात खाली बसणार. किती पकडायचे हे मडकंच ठरवी.

एकोणिसाव्या शतकात सिंधमधून गेलेल्या इंग्रज प्रवाशांनी या मासेमारीची वर्णनं लिहून ठेवली आहेत, म्हणून आपल्याला ती एवढ्या बारकाव्यानं कळते.

कल्याणजवळच्या आमच्या उल्हासनगरला ते मडकं आलं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर जे सिंधी उतरले ते मुख्यतः व्यापारी, दुकानदार, नोकरदार. मोहाणे मुसलमान, ते नदीवरच राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. मडक्याऐवजी इथे आलं चित्र: पल्ल्यावर बसलेला सिंधींचा देव झुलेलाल. कॅम्प चारमध्ये कापडाच्या, फरसाणाच्या, मोबाइलच्या दुकानांत गल्ल्याच्या मागे तो आजही असतो. आणि चव आली. आमच्या मजल्यावरच्या दादी मूळच्या रोहडीच्या. मासळी बाजारात त्या प्रत्येक वेळी आधी एकच विचारत, "पल्लो आया क्या?" आणि आगरी मावशी प्रत्येक वेळी सांगत, "दादी, पल्ला नाय आज. हलवा हाय बघा, कल्ला बघा कसा लाल हाय." दादी कल्ला बघत, हलवा घेत आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारत.

ते मडकं त्याच्या स्वतःच्या नदीवरही टिकलं नाही. १९३२ मध्ये सक्करचा बंधारा झाला, १९५५ मध्ये खाली कोटरीचा. पल्ल्याची वर चढायची वाट अडली. मासाच वर येईना, तेव्हा मडक्यावर पालथं पडून त्याला सामोरं जाण्यात अर्थ राहिला नाही.

मडक्यामागोमाग, मासे धरायच्या आणि ठेवायच्या, नाहीशा होत चाललेल्या आणखी काही वस्तूंची ही यादी. कमरेची टोपली. उल्हास नदीच्या काठानं, बदलापूर, वांगणी, नेरळपर्यंतच्या कातकरी वाड्यांत ही बांबूच्या कामट्यांची विणत. पोट फुगीर, गळा अरुंद, तळहात जेमतेम आत जाईल एवढा. दोरीनं कमरेला बांधायची आणि पाण्यात उतरायचं. दोन्ही हात दगडांखाली चाचपायला मोकळे. टोपलीचा खालचा भाग पाण्यात बुडालेला राहतो, कामट्यांमधून पाणी खेळतं, त्यामुळे आतली मुरी, डाखू, खेकडा घरी जाईपर्यंत जिवंत. अरुंद गळ्यामुळे उडी मारणारा मासा बाहेर पडत नाही. ही रचना कुणा एकाच्या नावावर नाही, पण तिच्यातलं प्रत्येक माप विचारपूर्वक घेतलेलं आहे. एवढासा गळा, एवढंसं पोट. भरली की माणूस पाण्याबाहेर येतो.

निरगुडीची काडी. टोपली नसेल तर बेचक्याची काडी तोडायची, कल्ल्यातून घालून तोंडातून काढायची, मासे ओवत जायचे. बेचकं खाली, म्हणजे शेवटचा मासा निसटत नाही. काडी ओढ्याच्या काठावरच मिळते आणि काम झालं की तिथेच कुजते.

ओलं गोणपाट. मरळ हवेतूनही श्वास घेते. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर तासन् तास जगते, म्हणून ती बाजारात जिवंत आणता यायची. गिऱ्हाईक नाही लागलं तर मरळवाला ती परत नेऊन डबक्यात किंवा विहिरीत सोडायचा. मला यादीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. विकला न गेलेला मासा परत पाण्यात जाऊ शकत होता.

आणि बांबूचा सापळा. याच्यापाशी थोडं थांबायला हवं. मृगाच्या सरी पडल्या की नदीतली मासळी अंडी घालायला ओढ्यांतून, नाल्यांतून भातखाचरांत चढते. ठाणे-रायगडात याला वलगण म्हणतात आणि वलगणीच्या चिवण्यांची लोक वर्षभर वाट पाहतात. ओढ्याला दगडमातीचा बांध घालायचा, मध्ये एक तोंड ठेवायचं आणि त्या तोंडाला सापळा लावायचा. सापळ्याच्या आत कामट्यांचा दुसरा नरसाळ्यासारखा गळा असतो, टोकं आतल्या बाजूला वळलेली. मासा त्या गळ्यातून आत शिरतो, पण परत फिरला की कामट्यांची टोकं त्याला अडवतात. आमिष नाही, गळ नाही, जखम नाही. मासा सकाळपर्यंत आत जिवंत असतो. मागचं झाकण काढून हातानं निवडता येतो, नको तो सोडता येतो.

पण त्याहून महत्त्वाची आहे ती कामट्यांमधली फट. सापळा विणणारा ती बोटाच्या मापानं राखत असे. बोटाहून बारीक पिल्लं त्या फटीतून आपसूक निघून जात, कुणी हात न लावता. पकडणं आणि सोडणं ही दोन कामं एकाच विणीत केलेली. अंड्यांवर आलेली मासळी पकडणं योग्य की नाही हा प्रश्न वलगणीला विचारायलाच हवा. तो खरा आहे, आणि वलगण करणाऱ्यांनाही तो ठाऊक आहे. तरी त्या फटीनं थोडं काही राखलं. आता ओढ्यांना मच्छरदाणीचं कापड लावलेलं दिसतं. त्याला फट नाही. त्यात चिवणी येते, तिची पिल्लं येतात, बेडकाची पिल्लंही येतात, आणि सगळं एकाच ढिगात काठावर पडतं.

बंगालची हंडी. ही आमच्या भागातली नाही, पण आमच्या भागातल्या तलावांतल्या रोहू-कटल्याचे पूर्वज तिच्याशिवाय बंगालबाहेर फारसे आले नसते. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून पुराच्या दिवसांत नदीतून त्यांची बारीक पिल्लं गोळा करून मातीच्या हंड्यांत भरत आणि रेल्वेनं देशभर पाठवत. हंडीसोबत माणूस असे. पाण्यातला प्राणवायू संपू नये म्हणून तो वाटभर हातानं पाणी हलवत राही, स्टेशनात गाडी थांबली की थोडं पाणी बदली. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि मत्स्यबीज जागोजागी तयार होऊ लागलं. मग प्राणवायू भरलेली प्लास्टिकची पिशवी आली. हंडी गेली, पाणी हलवणारा माणूसही गेला. १० जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि योग्यच आहे ते.

ओला कापूस नाहीसा होणाऱ्यांच्या यादीत बसत नाही, तरी त्याला इथे जागा देतो. उल्हास नदी ज्या डोंगरात उगम पावते त्याच लोणावळ्याच्या परिसरात, वळवणला, टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांनी १९७० च्या दशकात महसीर माशाची अंडी फलित करून ती ओल्या कापसाच्या थरांत ठेवून दूरच्या राज्यांत पाठवण्याची रीत बसवली. महसीरचं अंडं मोठं आणि उबायला वेळ घेणारं, त्यामुळे त्याला प्रवासात पाण्याच्या टाकीची गरज नाही, ओल पुरते. पाणीसुद्धा न लागणारं माशाचं भांडं.

आता काय उरलं? थर्मोकोलची पेटी, बर्फाचा चुरा, काळी पिशवी, शीतगृह. यांनी मासळी दूरच्या गावात पोचवली, वासाशिवाय, वर्षभर, आणि कॅम्प चारच्या बाजारातही बाहेरून मासळी येऊ लागली, हे खरंच. पण शीतगृह भरलं म्हणून कुठली बोट परत फिरत नाही. पेटीतून मासा परत पाण्यात जात नाही.

आणि सोडायचा म्हटलं तरी कुठे? इथली वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरात निघते, अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिराला लगटून वाहते, मग उल्हासनगरमधून कल्याणच्या खाडीकडे जाते. कारखान्यांची रसायनं आणि जीन्स धुण्याचे रंग तिनं वर्षानुवर्षं पोटात घेतले. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्यात टाकलेल्या रसायनाच्या वायूनं शेकडो माणसं रुग्णालयात गेली. ज्या पाण्याच्या काठी माणसाला श्वास घेता येत नव्हता, तिथे मासा सोडण्याची गोष्ट कोण करणार?

समुद्रावर मात्र सोडण्याची नवी साधनं येत आहेत. ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला दार ठेवणारी जाळी आहे. डिसेंबर २०१८ पासून राज्यात, संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं स्वतःचं जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. देवमाशासारखा थोराड बहिरी मासा त्यामुळे जिवंत परत गेला, अशा घटना कोकण किनाऱ्यावर घडल्या आहेत. २०२३ मध्ये राज्यानं समुद्री मासळीच्या ५४ जातींची किमान मापं ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान नको.

चिवणीचं माप त्यात नाही, कारण हा नियम समुद्राचा. तिचं माप सापळ्याच्या फटीत आहे. असे सापळे विणणारे हात बदलापूर-वांगणीच्या वाड्यांत अजून आहेत, बरेचसे म्हातारे. कुणीतरी पट्टी घेऊन जावं, प्रत्येक सापळ्याची फट मोजावी, कुठल्या ओढ्याला कुठली फट आणि का, ते त्यांना विचारावं, आणि मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावं. पावसाआधी जावं, कारण विणकाम तेव्हाच चालतं.