वाळूतले कडू इंद्रावण

पावसाळा सरता सरता आपण थरच्या वाळवंटात गेलात, तर जैसलमेरहून सुमारे ४० किलोमीटरवरील सम गावाच्या वाटेवर थोडे पायांखाली पाहावे. माझ्या ७८ वर्षांच्या आईने तेथे काठी टेकली आणि शेजारीच वाळूवर पसरलेल्या वेलीवर एक पिवळे फूल दिसले. तिने विचारले, “हे कलिंगडाचे का रे?”

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. इंद्रावण कलिंगडाच्याच कुळातले. तिकडे त्याला तुंबा म्हणतात. फूल पानाच्या बेचक्यात एकेकटे येते आणि तळाशी जुळलेल्या पाच पाकळ्यांचे असते. ज्या फुलाखाली लहानशी लवदार गाठ दिसेल ते मादीफूल. त्या गाठीचेच पुढे फळ होते. पंचाईत अशी, की त्याच वाळूत मतिरा, म्हणजे तिकडचे रानटी कलिंगडही उगवते, आणि त्याचे फूल जवळजवळ असेच असते. म्हणून केवळ फुलावर विसंबू नये. इंद्रावणाचे पान खोल कातरलेले, राखाडी छटेचे आणि बोटांना खरखरीत लागते. मतिऱ्याचे कोवळे शेंडे मऊ, लोकरीसारखे लवदार असतात. इंद्रावणाचे फळ संत्र्याएवढे, हिरव्यावर फिकट पट्ट्यांचे, आणि पिकल्यावर पिवळे होते. चाखून खात्री करून घेण्याचा मोह मात्र टाळावा.

आईला फूल दाखवण्याची मला घाईच होती. आदल्या दिवशी बाजारात तिने “साखर उतरवणारे” म्हणून इंद्रावणाच्या चूर्णाची पुडी घेतली होती. मधुमेहाच्या गोळ्या तिला नकोशा झाल्या आहेत, हे मला ठाऊक आहे. हे फळ जहाल रेचक आहे. त्यातील कुकरबिटासिन नावाच्या कडू द्रव्यांमुळे आतड्याला दाह होतो, रक्ताचे जुलाब लागू शकतात. आणि म्हाताऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या शरीरातले पाणी झपाट्याने कमी झाले, तर मूत्रपिंडांवर बेतते. त्यावर उतारा असा नाही. सलाइन लावून सावरावे लागते. कडू निघालेल्या दुधीच्या रसातही हीच द्रव्ये असतात, आणि शिजवल्याने ती हमखास नाहीशी होत नाहीत. दुधीचा तुकडा जिभेला कडू लागला, तर थुंकून टाकावा आणि तो दुधी फेकून द्यावा. घरात कोणी कडू रस प्यायले आणि उलट्या, जुलाब किंवा घेरी सुरू झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

(तिकडे फिरायचे ते सकाळी ९ च्या आत. वाळूत पाऊल रुतते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी टेकडी चढण्याचा हट्ट धरू नये. वेली पायथ्याशीच असतात.)

आई बराच वेळ ते खरखरीत पान बोटांनी चाचपत राहिली. मग पदराच्या गाठीतून पुडी काढून तिने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “ऐंशी रुपये गेले.”