धुरेवरचा भार

धुरा वाहणाऱ्या बैलास संस्कृतांत 'धुर्य' म्हणतात, आणि 'धुरंधर' हा आपल्या नित्य परिचयाचा शब्दहि त्याच कुळांतला. पस्तीस वर्षें मीं मुलांस ही व्युत्पत्ति सांगितली. परंतु तिचा खरा अर्थ मला कळला तो गेल्या उन्हाळ्यांत, अमेरिकेंतील कोलोराडोच्या डोंगरांत.

आमचे चिरंजीव डेन्व्हर शहरीं असतात. आपल्या मध्यम आकाराच्या एस्‌यूव्ही मोटारीमागें जोडावयाचें एक चाकांचें घर त्यांनीं घेतलें आहे. तिकडे त्यास कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आंत बिछाने, शेगडी, मोरी, सर्व कांहीं. चिरंजीव, सूनबाई, नातू, आमची मंडळी व मी असे पांचजण डिलन सरोवराकडे निघालों.

चिरंजीवांनीं सामान मोठ्या विचारानें मांडलें होतें. जड वस्तू चाकांच्या किंचित् पुढें व तळाशीं, हलक्या मागें. त्यांची पाठ वळतांच मीं पाण्याचे दोन मोठे डबे, तांदुळाची गोणी व माझी पुस्तकांची पेटी मागच्या बिछान्याखालीं सरकविली. वाटेंत अडगळ नको, एवढाच माझा हेतु.

डेन्व्हर ५,२८० फूट उंचीवर आहे. तेथून ७० क्रमांकाचा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्याशीं ११,१५८ फुटांवर पोंचतो. १९७३ सालीं खुल्या झालेल्या या बोगद्यांतून बाहेर पडतांच सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारें दोन हजार फुटांची उतरण लागते. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं कडेला खडीचे चढते फांटे बांधून ठेविले आहेत. त्यांवरून वाचकांनीं उताराची कल्पना करावी.

मैलभर उतरलों असूं, तोंच मागचें घर डावी-उजवीकडे हेलकावूं लागलें. प्रत्येक झोंका आधीच्याहून मोठा. मोटारीचें तोंडहि त्याबरोबर वळूं लागलें. सूनबाईंनीं नातवाचा हात घट्ट धरला. मी ओरडलों, "अरे, ब्रेक दाब!"

चिरंजीवांनीं तो दाबला नाहीं. त्यांनीं सुकाणू सरळ धरलें, वेगावरचा पाय उचलला, आणि समोरील एक लहानशी कळ बोटानें दाबून केवळ मागच्या घराचे ब्रेक लाविले. मागून ओढ बसतांच तें निमूट सरळ झालें. माझें ऐकून पुढच्या मोटारीचे ब्रेक जोरानें दाबले असते, तर मागचें ओझें तिच्यावर लोटून आम्ही आडवे झालों असतों.

खालीं उतरल्यावर चिरंजीव मागचें दार उघडून पाहतात, तों गोणी! मजकडे वळून ते इतकेंच म्हणाले, "अण्णा, गाडी उलाळ झाली." आजोळच्या बैलगाडींत मींच त्यांस लहानपणीं शिकविलेला तो शब्द! मीं मान खालीं घातली.

पाठीमागें ओझें अधिक झालें तर गाडी उलाळ, पुढें अधिक झालें तर धुरजड. येथेंहि नियम तोच. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा शेंकडा १० ते १५ भाग मोटारीमागील जोडगोळ्यावर टेकला पाहिजे. आमचें घर भरून सुमारें १,६०० किलो. म्हणजे गोळ्यावर १६० ते २४० किलो. कमी पडल्यास हेलकावे. फार झाल्यास मोटारीची पाठ दबून पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणू ढिलें पडतें. शिवाय मोटार ओढूं शकेल तें वजन वेगळें आणि अंगावर वाहूं शकेल तें वेगळें. गोळ्यावरचा भार, माणसें व आंतलें सामान हीं सर्व दुसऱ्या हिशेबांत धरावीं लागतात. पांच माणसांच्या कुटुंबानें हा हिशेब आधीं करावा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा.

सामान पुन्हां मांडून आम्ही सरोवरीं पोंचलों. ब्लू नदीवर १९६३ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाचें हें पाणी. त्यासाठीं जुनें डिलन गांव उठवून दुसरीकडे वसवावें लागलें. आणि २३ मैलांच्या बोगद्यांतून, पर्वताच्या पोटांतून, हें पाणी डेन्व्हरकडे जातें. पाइनच्या सावलींत पिठलें-भात जेवतांना त्या प्रसंगाविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. तोच मला अधिक लागला.

परततांना मींच पुढें होऊन सांगितलें कीं, तपासणी नातवानें करावी व उत्तरें मीं द्यावीं.

"सांखळ्या?"

"जोडाच्या खालून, एकमेकींवर ओलांडून."

"टायरांतली हवा?"

"चाकें थंड असतांनाच मोजली."

"मागचे दिवे?"

"लागतात."

"आणि मागें काय ठेवलंत, आजोबा?"

"उशा, बाळ. नुसत्या उशा."