आधी खिशात हात

घरचा कॉम्प्युटर हळू झाला की ओळखीतल्या प्रत्येकाकडे एकच औषध असतं: रॅम वाढव. मीही तेच केलं. तपकीर गल्लीत जाऊन ८ जीबीची आणखी एक पट्टी घेतली आणि जी खाच रिकामी दिसली तिच्यात बसवली. रॅम १६ दिसू लागली. विंडोज सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ.

दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजर उघडून बघायला हवा होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो उघडतो, पैसे पडत नाहीत. मी तो पट्टी बसवल्यावर उघडला. मेमरी निवांत पडून होती आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या असल्या की सेकंदाला शंभरेक जागा गाठेपर्यंत तिचा दम निघतो. साधी साटा एसएसडीसुद्धा हेच काम हजारोंच्या हिशेबात करते. ती नंतर घेतलीच, म्हणजे खर्च दोनदा. शिवाय पट्टीही चुकीच्या जागी. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, तरच दोन्ही चॅनल कामाला लागतात. मी शेजारीशेजारी बसवल्या होत्या. पुस्तिकेत हे चित्रासकट छापलेलं होतं. पुस्तिका खोक्यात, खोकं माळ्यावर.

यावरून शहाणपण यायला हवं होतं. त्याऐवजी घरात ग्राफिक्स कार्ड आलं. मुलाचा हट्ट होता असं मी घरात सांगितलं. अर्धा हट्ट माझाच. कार्ड बसलं, पडद्यावर चित्र झकास आलं, आणि गेम जरा रंगात आला की मशीन फट्दिशी बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. निळा पडदा नाही, एररचा संदेश नाही. मी निदान केलं: विंडोज बिघडलंय. इलाज: फॉरमॅट.

डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली सी ड्राइव्हवरच असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. डी ड्राइव्ह शाबूत होता आणि त्याच समाधानात मी होतो. सोसायटीचे चालू वर्षाचे हिशेब डेस्कटॉपवर होते, ते गेले. खजिनदार मीच, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नव्हती. पासबुक आणि पावतीपुस्तकं समोर घेऊन सगळं परत भरलं. आता ती फाइल कॉम्प्युटरवर, कपाटातल्या बाहेरच्या डिस्कवर आणि ऑनलाइन अशी तीन ठिकाणी असते. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवतो. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला मी आता बॅकअप म्हणत नाही.

एवढं करूनही मशीन बंद पडायचं थांबलं नाही. शेवटी दुरुस्तीवाल्या मुलाने कॅबिनेट आडवं केलं, वीज पुरवणाऱ्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर, बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे लेबल वाचलं होतं का?" मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून ओढतात. कार्डाला १२० वॅट, प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा पण जोरात आला की त्याच्या पुढे जाणारा, वर पंखे आणि डिस्क. कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला तो डबा प्रत्येक वेळी स्वतःला वाचवायला बंद होत होता. त्याचं चुकलं नव्हतं. माझं मत आता असं की कॅबिनेट स्वस्त घ्या, रंगीत दिव्यांचे पंखे तर घेऊच नका, पण एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, १२ व्होल्टचा आकडा वाचून घ्या.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलण्याचा उद्योग थोडक्यात सांगतो, कारण लाज वाटते. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टने धरून ठेवलेला रायझन प्रोसेसर सॉकेटचा खटका बंद असतानाच उपटून हातात आला. एएम४ प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात आणि त्यातल्या कडेच्या काही वाकल्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने एकेक सरळ केली. सुटलो ते नशिबाने. मशीन थोडा वेळ चालवून, बंद करून, कोमट असतानाच कूलर हलके पिळत सोडवायचा असतो. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी पुरते.

धूळ मी नियमाने काढतो, तिथेही चुकलोच. ब्लोअर मारताना पंखा गरगर फिरू दिला आणि त्याचं बेअरिंग आवाज करू लागलं. आता पातं बोटाने धरतो, मगच हवा.

सगळ्यात जुनी चूक सगळ्यात उशिरा कळली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. "कॉम्प्युटर आहे, एवढं चालायचंच" असं मी घरच्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. भिंतीतल्या प्लगला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्टचा दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात, पण आत काही बिघडलं तर ती वीज जायला माणसाशिवाय वाट नसते. अर्थिंग आहे की नाही हे साध्या टेस्टरने कळत नाही, तो फेज तेवढा दाखवतो. वायरमनने मीटर लावून पाहिलं आणि तार जोडली. खर्च रॅमच्या पट्टीपेक्षा कितीतरी कमी आला.

तुमच्याही कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर या महिन्यात नवीन काही विकत घेऊ नका. आधी वायरमनला बोलवा.