हिमशिखराचा बेत

पुणेकराला डोंगर हा शेजाऱ्यासारखा असतो. गच्चीवर जावें तों दक्षिणेस पर्वती दिसते. पावसानें आकाश धुऊन निघालें कीं नैर्ऋत्येस सिंहगड स्पष्ट उमटतो. लहानपणीं आजोबांचें बोट धरून पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या मोजाव्या, मुंज झाल्यावर काकांबरोबर सिंहगड चढावा, कॉलेजांत गेल्यावर राजगड-तोरणा पालथे घालावे, आणि पन्नाशी उलटल्यावर रविवारीं पुन्हां सिंहगडावर जाऊन आपण अजून म्हातारे झालों नाहीं अशी खात्री करून घ्यावी, हा पुण्यांतील पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. आमचें सदाशिव पेठेंतील घरही त्यास अपवाद नाहीं. अशा घराला डोंगराचें भय वाटत नाहीं. आणि हिमालयाचा बेत करतांना पहिला धोका नेमका येथेंच असतो, हें आम्हांला गेल्या वर्षभरांत कळून आलें.

गेल्या गणेशोत्सवांत रात्रीची आरती होऊन खिरापत वांटली जात होती. थोरल्या बंधूंच्या मुलानें विषय काढला. “काका, पुढच्या वैशाखांत आपण दोघे इम्जा त्से करूं या.” त्यानें उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेंत प्राथमिक शिक्षणक्रम पुरा केलेला. त्याचें वय सव्वीस, आमचें बावन्न. आम्ही हो म्हणून गेलों. पण एकत्र कुटुंबांत कोणताही बेत कोणा एकाचा राहत नाहीं. खिरापतीची वाटी रिकामी होण्यापूर्वीं तो साऱ्या घराचा झाला.

इम्जा त्से हें नेपाळांतील खुंबू भागांतलें शिखर. उंची सुमारें ६,१६० मीटर, म्हणजे वीस हजार फुटांहून थोडी अधिक. दिंगबोचे गांवाकडून पाहिलें असतां बर्फाच्या समुद्रांतून एखादें बेट वर यावें तसें तें दिसतें. म्हणून एरिक शिप्टन यांच्या मंडळींनीं त्यास ‘आयलंड पीक’ असें नांव दिलें. नेपाळनें १९७८ सालीं लहान तुकड्यांसाठीं जीं अठरा शिखरें खुलीं केलीं, त्यांत हेंही होतें. अशा शिखरांना ‘ट्रेकिंग पीक’ म्हणतात, आणि तें नांवच फसवें आहे. ट्रेकिंग संपतें तें पायथ्याच्या तळावर. पुढें मध्यरात्रीनंतर निघून अंधारांत खडक चढावे लागतात. उजाडतां उजाडतां हिमनदी लागते, तेथें बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी नखें बांधावीं लागतात. बर्फांतील भेगांमुळें सर्वांनीं एका दोरांत बांधून चालावें लागतें. आणि शेवटीं उभ्या बर्फावर अगोदर लावलेल्या दोराला जुमार अडकवून शरीर वर ओढावें लागतें. म्हणून बरोबर जाणता मार्गदर्शक असल्याखेरीज आमच्यासारख्यांनीं तेथें जाऊं नये.

पुण्यांत अशा कामीं सल्ल्याला तोटा नाहीं. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ सालीं एव्हरेस्टवर पोहोंचले. १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या गिर्यारोहकांनीं उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालीं २०१२ सालीं एव्हरेस्ट सर केलें, आणि २०१९ सालीं कांचनजुंगेच्या मोहिमेंत दहा जण माथ्यावर गेले. या मोहिमांच्या हकीगती शहरानें आवडीनें ऐकल्या आहेत. पण ऐकणाऱ्याच्या लक्षांत राहतें तें शिखरावरील निशाण; त्यापूर्वींची तयारी लक्षांत राहत नाहीं. आमचेंही तसेंच झालें होतें.

काठमांडूच्या दोन व्यावसायिक मंडळींकडून आम्हीं दिनक्रम मागविले. एक चौदा दिवसांचा आला, दुसरा एकोणीस दिवसांचा. पहिल्याचा खर्च अर्थातच कमी. पुतण्याला पंधरा दिवसांहून अधिक रजा मिळत नव्हती, त्यामुळें दोघांचेंही मन पहिल्याकडे ओढलें. मात्र दोन्ही कागद शेजारीं ठेवून ओळीनें वाचले तेव्हां फरक दिसला. वाट तीच, मुक्कामाचीं गांवें तींच; गाळले होते ते विसाव्याचे दिवस.

हे दिवस विसाव्याचे म्हणविले जातात, परंतु त्या दिवशीं शरीर मोठें काम करीत असतें. साडेपांच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायुही निम्माच मिळतो. श्वास जलद होणें, रक्ताचा समतोल बदलणें, तांबड्या पेशी वाढणें, हे फेरफार दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबानें होतात. म्हणून तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसांत पांचशे मीटरांहून अधिक चढवूं नये, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच जागीं राहावें, असा जाणत्यांचा नियम आहे. एकोणीस दिवसांच्या कागदांत नामचे येथें ३,४४० मीटरांवर दोन रात्री होत्या, दिंगबोचे येथें ४,४१० वर दोन, छुकुंग येथें ४,७३० वर दोन; शिवाय हवा बिघडल्यास शिखराजवळ एक दिवस राखीव, आणि लुक्ल्याचें विमान अडकल्यास आणखी एक. चौदा दिवसांच्या कागदांत नामचेचा एक दिवस सोडला तर बाकी सर्व चालणेंच होतें.

येथें आमच्या सिंहगडाचा अभिमान गळाला. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटरांवर, सिंहगड १,३१२, महाराष्ट्रांतील सर्वांत उंच कळसूबाई १,६४६. आणि लुक्ला, जेथें विमानांतून उतरून पहिलें पाऊल टाकावयाचें, तें २,८६०. म्हणजे आमचा महाराष्ट्र जेथें संपतो, त्याच्याही हजार-बाराशे मीटर वर हा प्रवास सुरू होतो. सिंहगडानें पाय घट्ट होतात, दम वाढतो. पण विरळ हवेची संवय सिंहगड देऊं शकत नाहीं. तरुण व काटक माणसासही उंचीचा विकार जडतो. किंबहुना तो भराभर चढतो म्हणून त्याला अधिक लवकर गांठतो.

याचा दाखला आमच्याच पदरीं होता, आणि तो सांगण्यास आजवर लाज वाटत आली. पंधरा वर्षांमागें मित्रांबरोबर आम्ही विमानानें दिल्लीहून लेहला गेलों. लेह साडेतीन हजार मीटरांवर. तेथें दोन दिवस स्वस्थ पडून राहावें असें सर्वांनीं बजावलेलें असतां दुसऱ्याच दिवशीं मोटारीनें खार्दुंग ला गांठला. त्याच्या आदल्या रात्रींच आमचें डोकें फुटत होतें, अन्नावर वासना नव्हती. तरी सकाळीं कोणी विचारलें तेव्हां “उत्तम आहे” असें सांगितलें. आमच्यामुळें चौघांचा बेत मोडूं नये, एवढाच विचार. परत येतांना आमचा झोंक जाऊं लागला, बोलणें अडखळूं लागलें. ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असूं शकते, हें तेव्हां ठाऊक नव्हतें. ड्रायव्हर शहाणा, त्यानें कोठेंही न थांबतां गाडी खालीं आणली. लेहच्या दवाखान्यांत रात्रभर प्राणवायु द्यावा लागला. घरीं आम्ही ‘थोडें पित्त झालें’ इतकेंच सांगितलें होतें.

मार्गशीर्षांतील एका संध्याकाळीं दोन्ही कागदांवर वाद चालला होता. ती. आई शेजारीं वाती वळीत बसली होती. तिचें वय ब्याऐंशी. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, “वर कसं जायचं तें दोघांनीं ठरवलंत. परत कुठून फिरायचं, तें ठरवलंय का?”

पुतण्या हंसला. आम्हांला हंसूं आलें नाहीं. त्या रात्रीं लेहची खरी हकीगत आम्हीं सर्वांसमक्ष सांगितली. आई कांहीं बोलली नाहीं, सौ.नें मात्र “पंधरा वर्षं पित्त!” एवढेंच म्हटलें.

आईच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना याच डोंगराच्या इतिहासांत एक गृहस्थ भेटले. १९५३ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेंतील एक तुकडी सरावासाठीं इम्जा त्सेवर चढली होती. तींत तेनसिंग नोर्गे होते आणि चार्ल्स एव्हन्स नांवाचे शस्त्रवैद्यही होते. पुढें २६ मे रोजीं एव्हन्स आणि टॉम बोर्डिलन एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोहोंचले. तोंवर इतक्या उंचीवर कोणीही मनुष्य गेला नव्हता. मुख्य माथा अवघा तीनशे फूट वर राहिला होता. पण दुपारचा एक वाजला होता, प्राणवायूच्या यंत्रानें त्रास दिला होता, आणि वर जाऊन परत येण्याइतका सांठा उरला नव्हता. ते फिरले. तीन दिवसांनीं हिलरी आणि तेनसिंग माथ्यावर गेले, आणि जगानें तींच नांवें लक्षांत ठेविलीं. एव्हन्स यांनीं १९५५ सालीं कांचनजुंगा मोहिमेचें नेतृत्व केलें आणि तें शिखर त्यांच्या मंडळींनीं प्रथम सर केलें. ज्या कांचनजुंगेचें पुण्यानें २०१९ सालीं कौतुक केलें, तिच्यावरील पहिल्या यशस्वी मोहिमेचा नायक असा एके काळीं तीनशे फुटांवरून परत फिरलेला होता. फिरला म्हणूनच तो पुढच्या डोंगरास उरला.

मग चौदा दिवसांचा कागद आम्हीं फाडून टाकला. पण एकोणीस दिवस आणावयाचे कोठून? पुतण्याच्या कचेरीला दिवाळींत सुटी असते. ती रजेस जोडली आणि रविवार धरले तर दिवस बरोबर जमत होते. पावसाळ्यानंतरचा तो काळही चढाईस योग्य, थंडी अधिक असली तरी आकाश निरभ्र. अडचण एकच, दिवाळी. आमच्या घरीं नरकचतुर्दशीच्या पहाटे आजवर कोणाचाही पाट रिकामा राहिलेला नाहीं. भाऊबिजेला पुतण्याची बहीण नाशिकहून येते. वहिनी गप्प राहिल्या, आणि त्यांचें गप्प राहणें आम्हांस नकारापेक्षां जड वाटलें. शेवटीं आईच म्हणाली, “पाट मांडून ठेवूं. दिवाळी दर वर्षीं येते. पण दिवस कापून जाऊं नका.”

त्यानंतर बेताला खरें रूप आलें. आम्हीं एका कागदावर कांहीं गोष्टी लिहून दोघांनीं सह्या केल्या, आणि त्याची एक प्रत देवघराच्या फडताळांत ठेविली. शिखराच्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां जेथें असूं तेथून फिरावयाचें, माथा दहा पावलांवर असला तरी. डोकें दुखलें, मळमळलें, झोंक गेला, बसल्या जागीं धाप लागली, तर त्याच क्षणीं सांगावयाचें. आणि खालीं उतरा असें मार्गदर्शकानें म्हटलें कीं वाद घालावयाचा नाहीं. दोघांस मिळून एकच मार्गदर्शक असला तर एकाच्या डोकेदुखीनें दुसऱ्याचेंही शिखर जातें, आणि त्या संकोचानेंच माणूस दुखणें लपवितो. लेहला आम्हीं तेंच केलें. म्हणून खर्च वाढला तरी प्रत्येकास स्वतंत्र शेर्पा मार्गदर्शक घेतला.

इतर तयारी सांगण्यासारखी थोडी, पण ज्यांच्या घरीं असा बेत शिजत असेल त्यांच्या उपयोगाची. पुष्कळ प्रवासविम्यांत ठराविक उंचीच्या वरील चढाई वगळलेली असते. सहा हजार मीटरांवरील गिर्यारोहण आणि हेलिकॉप्टरनें सुटका हीं दोन्ही स्पष्ट लिहिलेलीं आहेत ना, तें वाचून पाहावें. ओझें वाहणाऱ्यांचा विमा आणि त्यांचे गरम कपडे यांची चौकशीही आपणच करावी. क्रॅम्पॉन, बर्फाची कुऱ्हाड वगैरे सामान काठमांडूस भाड्यानें मिळतें. चालण्याचे बूट मात्र स्वतःचे आणि पायांत मुरलेले हवेत. हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि उंचीवरील औषधें डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊं नयेत. भारतीयांना नेपाळसाठीं व्हिसा लागत नाहीं. पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरतें.

राहतां राहिला सराव. पाठीवर दहा किलोंचें ओझें घेऊन आम्ही दर रविवारीं आतकरवाडीहून सिंहगड चढतों. आषाढांतील एका रविवारीं पुतण्या म्हणाला, “काका, चढण्याचा सराव पुष्कळ झाला. आज फिरण्याचा करूं.” आठ वाजतां जेथें असूं तेथून परत, असें ठरलें. पावसामुळें निघण्यास उशीर झाला होता. आठ वाजले तेव्हां धुक्यांतून पुणें दरवाजा दिसूं लागला होता. फार तर दहा मिनिटांची वाट. वरून कांदाभज्यांचा वास येत होता. पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं घड्याळाकडे. पाय पुढेंच जाऊं पाहत होते. एवढ्याशा सिंहगडावर इतकें जड वाटलें, तर तेथें काय वाटेल, हें त्या वेळीं समजलें. आम्ही फिरलों. खालून येणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “काय, इतक्यांत दही खाऊन आलांत?” आम्हीं “नाहीं” म्हटलें आणि उतरत राहिलों.

घरीं आल्यावर आईनें गडावरच्या दह्याचें मडकें मागितलें. वर पोहोंचलोंच नाहीं आणि कां, तें सांगितलें. तिनें हातांतली वात पुरी वळली, ती डब्यांत ठेविली, आणि विचारलें, “बेसनाचे लाडू बरोबर द्यायचे, ते किती दिवस टिकले पाहिजेत?”

“एकोणीस,” आम्हीं सांगितलें.