कागदावर मोकळी जागा

गेल्या पावसाळ्यात एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. ऑफिसातला एक डबा झोपला तो उठेचना, आणि गावातल्या आमच्या घराचं मोजमाप घ्यायला माणसं आली.

आधी डब्याचं सांगतो. मी पनवेलहून ठाण्याच्या लोकलने कोपरखैरण्याला जातो, तिथून रिक्षाने महापे. कंपनी छोटी आहे. कारखान्यातल्या पंपाला चिकटवायचा आणि त्याची थरथर मोजत राहायचं, असा एक डबा आम्ही बनवत होतो. बॅटरीवर चालणारा. म्हणून काम नसेल तेव्हा त्याने झोपायचं आणि दर काही मिनिटांनी उठून मोजायचं, असं ठरलं होतं. झोपायचा तो व्यवस्थित. स्क्रीनवर ‘झोपायला जातोय’ अशा अर्थाची एक ओळ यायची, आणि मग काहीच नाही. बॅटरी काढून परत लावेपर्यंत मढं.

त्यातली चिप एएम३३५एक्स कुळातली. बीगलबोन ब्लॅक नावाच्या बोर्डावर असते तीच. इंजिनिअरिंगला असाल तर कदाचित हाताळलीही असेल. त्या बोर्डावर चिपच्या बाहेर ५१२ एमबी रॅम असते. आणि चिपच्या पोटात, थेट सिलिकॉनवर, वेगळी ६४ केबीची एक छोटी मेमरी असते, एसरॅम. बाहेरची रॅम तिच्या ८१९२ पट मोठी. मग हा चिमूटभर तुकडा कशाला?

झोपण्यासाठी. डबा झोपतो तेव्हा बाहेरच्या मोठ्या रॅमलाही झोपवावं लागतं. पण रॅमला झोपवणारा कोड रॅममध्येच बसला असेल, तर पुढची सूचना वाचायची कुठून? ज्या खाटेवर बसलोय तीच खाट घडी करून ठेवता येत नाही. म्हणून तेवढा कोड पोटातल्या एसरॅममध्ये नेऊन ठेवतात. तो तिथे बसून मोठ्या रॅमला झोपवतो आणि उठायची वेळ झाली की तिला उठवतो. आमच्या घरी हे काम आजी करायची. सगळ्यांची अंथरुणं घालून, दिवे मालवून, कडी लावून शेवटी आडवी व्हायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठलेली असायची.

आता प्रश्न असा, की या ६४ केबीत कोण कुठे बसलंय हे लिनक्सच्या कर्नलला कळतं कसं? पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःच सांगतो, मी अमुक, माझ्यात इतकी जागा. चिपच्या पोटातली मेमरी असं काही सांगू शकत नाही. तिच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. त्यासाठी डिव्हाइस ट्री नावाची एक फाइल असते. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही बहुधा अशीच एक आहे. ही कल्पना जुनी, नव्वदच्या दशकातल्या ओपन फर्मवेअरची. पूर्वी एआरएम चिपांच्या बाबतीत ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या कोडमध्येच खुपसलेली असे. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर भडकला, आणि एआरएमवाल्यांनी माहिती कोडमधून काढून डिव्हाइस ट्रीत लिहायचा वेग वाढवला.

मला ती फाइल कायम सातबाऱ्यासारखी वाटते. जमीन कुठून सुरू होते, किती आहे, त्यातला कुठला तुकडा कुणाचा. एसरॅमची एक मुख्य नोंद असते: सुरुवात अमुक पत्त्यावर, लांबी ६४ केबी. तिच्या पोटात छोट्या नोंदी. आमच्या चिपच्या फाइलीत पहिले ४ केबी झोपेच्या कोडसाठी आणि पुढचे ४ केबी त्याला लागणाऱ्या माहितीसाठी लिहिलेले असतात. नोंद असलेला तुकडा कर्नल राखीव धरतो, भलत्या कुणाला देत नाही. ज्याची नोंद नाही ते सगळं सामायिक साठ्यात; जो ड्रायव्हर मागेल त्याला त्यातून जागा मिळते.

आमचा डबा का उठत नाही, हे यात दडलेलं होतं. पण तीन आठवडे मी बॅटरीला दोष देत होतो, मग घड्याळाला, मग उठवणाऱ्या पिनेला. शनिवार-रविवारीही बोर्ड घरी आणून ओटीवर तारा पसरून बसायचो.

अशाच एका शनिवारी मोजणीवाले आले.

आमचं गाव आता पनवेल महापालिकेत आहे. त्याआधी ग्रामपंचायत होती. त्याच्याही आधी नुसती भातशेती आणि खाडी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी लोक लढले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच पाठ होतं.

पण जमीन गेली तरी माणसं वाढतच होती. गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली. एका घरात तीन भावांचे तीन संसार झाल्यावर लोकांनी हद्दीच्या पलीकडे, संपादित झालेल्या आपल्याच जुन्या जमिनीवर भिंती उभ्या केल्या. नवी मुंबईत यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. हीच घरं कागदोपत्री अतिक्रमण असतात. आमचं घर त्यातलंच.

मोजणीवाला माझ्याच वयाचा होता, हातात टॅबलेट. पोरगा उद्धट नव्हता. चपला बाहेर काढून आला, पाणी प्यायला, टॅबलेट दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, “आजी, इथं तर प्लॉट मोकळा दाखवतोय.”

आजी तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं. “मंग मी कुठं बसलेय, दादा?”

तो हसला, मीही हसलो. ती हसली नाही. आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. त्यात आजोबांच्या नावाची जुनी लाइटबिलं, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या. विजेच्या मीटरला घर माहीत होतं, घरपट्टी घेणाऱ्याला माहीत होतं. फक्त नकाशाला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मी परत बोर्डासमोर बसलो, पण कानात तेच वाक्य. ‘मोकळा दाखवतोय.’ आणि मग पोटात गोळा आला.

त्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर असतात. पंपाची थरथर नेमक्या वेळेला टिपायचं काम आम्ही त्यातल्या एकाला दिलं होतं. तो आकडे एसरॅममध्ये लिहायचा. कुठे? तर मी सांगितलेल्या पत्त्यावर. तो पत्ता मी एका जुन्या प्रोजेक्टमधून उचलला होता: एसरॅमची अगदी सुरुवात, तिथून १६ केबी. जुना डबा कायम विजेवर असायचा. त्याला कधी झोपायचंच नव्हतं, त्यामुळे तिथे हे चाललं. या डब्यात मात्र त्या जागी पहिल्या ८ केबीत झोपेचा कोड आणि त्याची माहिती राहत होती. रीतसर नोंद करून. मी ती नोंद उघडूनही पाहिली नव्हती. कर्नल त्या कोडच्या जागेवर कुणी लिहू नये म्हणून कुलूप लावतो, पण ते कुलूप कर्नलच्या दाराला. पीआरयू त्या दाराने येतच नाही. तो दर सेकंदाला त्या कोडवर पंपाची थरथर लिहीत होता, आणि झोपायची वेळ आली की प्रोसेसर ती थरथर सूचना समजून वाचायला जात होता.

म्हणजे टॅबलेट हातात घेऊन दुसऱ्याच्या घराला मोकळा प्लॉट म्हणणारा मी होतो. आणि ज्याची नोंदच नाही असा, निमूट काम करणारा पीआरयूचा तुकडाही माझ्याच हातचा. कर्नलच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं. पीआरयूला नुसती दुसरी जागा दाखवून भागलं नसतं. नोंद नसती, तर उद्या कर्नलने तीच जागा मोकळी समजून दुसऱ्या ड्रायव्हरला दिली असती.

दुरुस्ती चार-पाच ओळींची. एसरॅमच्या नोंदीत एक नवी नोंद लिहिली: पहिले ८ केबी सोडून पुढचे १६ केबी, पीआरयूसाठी. मग आमच्या ड्रायव्हरमधला हाताने लिहिलेला पत्ता खोडला आणि त्याला सांगितलं, नोंदीत बघ आणि तिथे लिहिलेला पत्ताच पीआरयूला दे. उरलेले ४० केबी सामायिक. सोमवारी डबा झोपला आणि उठला. परत झोपला, परत उठला. दुपारी चहाला जाऊन आलो तरी उठत होता.

संध्याकाळी लोकलमध्ये आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच येत होतं, की त्या फाइलीत लिहिण्याचा हक्क मला आहे, म्हणून हे एका दुपारी झालं.

पुढच्या रविवारी आजीचा अर्ज भरायला बसलो. एका रकान्यात विचारलं होतं, बांधकाम केव्हापासून.

“तुझ्या मोठ्या काकाच्या लग्नाच्या आधल्या उन्हाळ्यात,” आजी म्हणाली.

“साल सांग ना.”

“लग्नाची पत्रिका असंल बघ पेटीत.”

पत्रिका सापडली. साल १९८७. मी लिहिलं. लांबी-रुंदी टेपने मोजली, आजीने टेपचं दुसरं टोक धरलं. न्हाणीघर धरायचं की नाही यावर थोडा वाद झाला. ती म्हणाली, धर. मी धरलं.

अर्ज देऊन आलो. पोच म्हणून शिक्का मारलेली झेरॉक्स मिळाली. आजीने ती चारी बाजूंनी न्याहाळली, वाचता येत नसताना, आणि लाइटबिलांच्या वर ठेवून पेटीला कुलूप लावलं.

उत्तर अजून आलेलं नाही.