न्हाणीघराची फरशी

घरात म्हातारी माणसे असली की देव्हाऱ्याइतकीच न्हाणीघराची फरशी जपावी, असे माझे ठाम मत आहे. उंबरठा निदान दिसतो तरी. ओली फरशी मात्र हसतमुखाने दगा देते!

वडनेर हे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे, हिंगणघाट तालुक्यातले गाव. तिथल्या आमच्या घरात सासूबाई आणि मामंजी, दोघांनीही ऐंशी ओलांडलेली. जिल्हा सेवाग्रामचा; १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा सफाईचे महत्त्व आम्हांला कुणी सांगायला नको. पण चकचकीत फरशी आणि निर्धोक फरशी या काही सख्ख्या बहिणी नव्हेत.

कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही. उलट पाण्यातल्या चुन्याशी मिळून त्याचा चिकट थर बसतो. त्यावर पाणी पडले की पाय ठरत नाही. मग कुणीतरी सुचवते, "ॲसिड टाका!" शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिडाने ती फसफसते, झिजते, आणि पडलेल्या खळग्यांत मळ अधिकच साचतो. त्यातून ॲसिड ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरीन सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी हाच वायू सोडला होता. तो न्हाणीघरात कशाला हवा?

माझी रीत साधी. दुपारी दोघे लवंडली की हातांत रबरी मोजे घालायचे, गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून फरशीवर ओतायचा, दहा मिनिटे थांबायचे आणि ब्रशाने घासायचे. दोनदा स्वच्छ पाणी, मग कोरडे फडके. खिडकी उघडी, आणि फरशी वाळेपर्यंत दाराला बाहेरून कडी!

खरी कसोटी नरकचतुर्दशीला. तेल, उटणे, पहाटेचा अंधार आणि पोरांची घाई! म्हणून आमच्याकडे पहिली आंघोळ वडीलधाऱ्यांची. तेल लावायचे ते बाहेर पाटावर, आणि तळवे पुसूनच आत पाऊल टाकायचे. प्रत्येकाच्या आंघोळीनंतर फरशीवर सोड्याचे गरम पाणी, मग साधे पाणी. फटाके पाच मिनिटे थांबू शकतात. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळांचे पूर्वीसारखे चालणे पुन्हा होत नाही.

फरशीपेक्षा अवघड असतो तो मान. भिंतीत पक्की दांडी बसवली, तेव्हा मामंजी म्हणाले, "मी काही एवढा म्हातारा झालो नाही!" आणि तिच्यावर त्यांनी आपला पंचा वाळत घातला. मी काही बोलले नाही. महिन्याभराने पंचा खुंटीवर गेला आणि दांडीवर हात आला. सासूबाईंना कडीशिवाय चैन पडेना. शेवटी तह झाला : कडी लावायची नाही, दारावर पातळ टाकलेले दिसले की कुणी तिकडे फिरकायचे नाही.

म्हाताऱ्या माणसांना आपण हात धरून नेतो, आणि त्यात आपल्याला धन्यताही वाटते. पण त्यांचे सुख असते ते कुणी हात न धरता स्नान करून बाहेर येण्यात. दुपारची ती अर्ध्या तासाची घासपूस मी एवढ्याचसाठी करते.