सरत्या रानांची नोंद

पाऊस लागला की इंदूरहून मसाई माराचे ग्रुप निघतात. यलो फीव्हरची लस आधीच टोचून झालेली असते. तिकडे गाइड रेडिओवरून सिंहाचा ठावठिकाणा विचारतो, जीप वळते. जरूर जावं. मात्र रानातून काय काय उठून चाललंय, त्याचीही नोंद हवी.

चित्तेवान. इथले चित्ते सरत आले तेव्हा कोल्हापूर, भावनगरच्या दरबारांनी ते आफ्रिकेतून मागवले. चित्तेवान त्यांना माणसाळवत, डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीतून माळावर नेत. काळवीट दिसलं की टोपी काढत. दरबार गेले, ती विद्याही गेली. 20 एप्रिल 2025 रोजी गांधीसागर अभयारण्यात आफ्रिकी वंशाचे दोन चित्ते सोडले. रामपुरा-भानपुऱ्याचा हा मुलूख एकेकाळी होळकरांचा. या चित्त्यांचा माग आता गळ्यातली कॉलर सांगते.

वाळूवरचं पाऊल. ते पाहून जनावर केव्हा गेलं, लंगडतंय का, हे कलहारीतले सान शिकारी सांगत. बोट्स्वाना सरकारने 1997 आणि 2002 मध्ये त्यांना मध्य कलहारीच्या राखीव रानातून हलवलं. 2006 मध्ये कोर्टात ते जिंकले; पण रानाबाहेर वाढलेल्या पोरांना माग काढायला कोण शिकवणार?

उत्तरेकडचा पांढरा गेंडा. शेवटचा नर 19 मार्च 2018 रोजी केनियात मेला. दोन माद्या उरल्या.

राळामंडळ. इंदूरजवळची टेकडी, होळकरांची शिकारगाह, 1989 पासून अभयारण्य. पायथ्यापर्यंत शहर पोचलंय.

आणि आपलं बीड, म्हणजे गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेलं गवताचं रान. माळव्यात ते सोयाबीनखाली गेलं, प्लॉटांखाली गेलं. सरकारी कागदांत अशा जमिनीची गणना बहुधा पडीत म्हणूनच होते, आणि मला हे सगळ्यांत जास्त खुपतं. कारण याच गवतात खरमोर हा पक्षी विणीला येतो. मारात विल्डेबीस्ट नदी ओलांडतात त्याच महिन्यांत, इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवर, धार जिल्ह्यातल्या सरदारपूरला आणि त्याहून लांब, रतलामच्या सैलान्याला नर खरमोर मादीसाठी गवतावर उंच उड्या घेतो, दिवसाला शेकडो. दोन्ही ठिकाणी 1983 पासून अभयारण्यं आहेत, तरी पक्षी घटत गेला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शेतात खरमोर दिसल्याचं कळवून पीक सांभाळून कापणारे शेतकरीच इथले खरे वाटाडे.

माराचं बुकिंग करा, पण एक पावसाळा सरदारपूरसाठी ठेवा. वनखात्याची परवानगी घ्या, गवतात शिरू नका, आणि गावात कोणाकडे बीड असेल तर ते नांगरू नका असं त्याला सांगा.